शंकेसह स्वीकारले

जनसामान्यांत विज्ञानाची समज वाढवल्याबद्दलचा राष्ट्रीय पुरस्कार यंदा आत्यांना मिळाला. ताम्रपट आहे, वजनाला सव्वा किलो, कोपरे टोचतात. आता तो मिळालाच नाही असं धरून आपण पुढे जाऊ. नगरपालिकेनेही तसंच धरलं आहे, आणि उगाच नगरपालिकेशी वाकड्यात कोण शिरणार?

तर आत्यांना कुठलाही पुरस्कार मिळालेला नसताना, एका सोमवारी त्यांच्या हातात नोटीस पडली. अग्निशमन केंद्रावरची लांबोळकी खोली तीस तारखेपर्यंत रिकामी करावी, तिथे नगरपालिकेच्या सभागृहातल्या शहाऐंशी मोडक्या खुर्च्या ठेवायच्या आहेत.

आत्यांनी नोटीस दोनदा वाचली, उन्हाला धरून पाहिली आणि पाठीमागची बाजूही तपासली. मागे काही नव्हतं. म्हणून त्यांचा संशय वाढला.

आत्या शाळेच्या प्रयोगशाळेत छत्तीस वर्षं परिचर होत्या. सर लोक विज्ञान शिकवायचे, आत्या ते धुवायच्या. परीक्षानळ्या धुता धुता त्यांनी एक गोष्ट टिपली होती. उत्तर आधी पुस्तकाच्या शेवटच्या पानावर बघायचं आणि मग प्रयोग तिथवर ओढत न्यायचा, अशी सरांची रीत होती. तराजूत वजन जरासं कमी भरलं की एक सर गुपचूप खिशातली टाचणी पारड्यात टाकत. त्या टाचणीने आत्यांचा जगावरचा विश्वास उडाला, तो परत बसला नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी बंबवाल्यांकडून ती वरची खोली मागून घेतली. पूर्वी तिथे बंबाचे लांब पाइप वाळत घालत. पाइप प्लॅस्टिकचे झाले तशी खोली मोकळी पडली होती. गेली अकरा वर्षं दर शनिवारी चार ते सहा तिथे सत्तर-ऐंशी माणसं जमिनीवर मांडी ठोकून बसत. प्रत्येकाने आठवड्यात ऐकलेली एक गोष्ट घेऊन यायची आणि गुलाबी चिठ्ठीवरचे चार प्रश्न सोडवल्याशिवाय घरी जायचं नाही. चिठ्ठ्या गुलाबी होत्या, कारण शाळेच्या परीक्षा विभागात तेवढाच कागद उरला होता. प्रश्न असे होते:

कोणी सांगितलं? त्याला कसं कळलं? तुम्ही विश्वास ठेवलात तर त्याचा काय फायदा? आणि हे खोटं असतं, तर काय वेगळं दिसलं असतं?

या चार प्रश्नांनी वस्तीची पार तऱ्हा बदलली. ‘मुलगा निर्व्यसनी आहे’ या एका वाक्यावर वधूपक्षाने सात चिठ्ठ्या भरल्या आणि मुलगाच शेवटी म्हणाला, ‘आता मलाही खात्री वाटत नाही.’ टेलरमामा गिऱ्हाइकाने सांगितलेलं कमरेचं माप मानेनासे झाले. खालचे बंबवालेसुद्धा फोन आला की विचारू लागले, ‘आग लागलीय हे कोणी सांगितलं? त्यात तुमचा फायदा काय?’ पुढे बंबप्रमुखांनी हात जोडल्यावर आत्यांनी आग आणि बाळंतपण या दोन बाबतींत सूट दिली. तिसरी सूट कुणालाच मिळाली नाही.

आणि आता ती खोली जाणार होती. आत्यांना दुसरी खोली नव्हती. भावाच्या घरात त्या राहत, तिथे ऐंशी माणसं काय, आठ पाहुणे आले तरी भाऊ गॅलरीत जाऊन उभा राही.

आत्या नोटीस घेऊन नगरपालिकेत गेल्या. मालमत्ता विभागाच्या टेबलामागे बाटली बसला होता. शाळेत असताना त्याने एका तासात नऊ बाटल्या फोडल्या होत्या, तेव्हापासून त्याला सगळं गाव बाटली म्हणे. आता तो वरिष्ठ लिपिक होता आणि लोक ‘बाटलीसाहेब’ म्हणत. शनिवारी तो न चुकता पहिल्या रांगेत असे.

“बाटल्या, मोडक्या खुर्च्या ठेवायच्या कशाला? फेकून द्या की.”

“आत्या, फेकायच्या तर मोडक्या आहेत असा ठराव लागतो. ठरावाला सभा लागते. सभेला खुर्च्या लागतात.”

“मग यातून वाट?”

बाटलीने नियमाचं पुस्तक काढलं. त्याच्या डोळ्यांत खरंच वाईट वाटल्याचा भाव होता, असं आत्यांना वाटलं. मग त्यांनी तो भाव कशावरून खरा, याचाही विचार केला. “कलम अकरा. राष्ट्रीय पातळीवर मान्यता मिळालेलं कार्य चालू असेल, तर जागा काढून घेता येत नाही. एखादा राष्ट्रीय पुरस्कार-बिरस्कार मिळतो का बघा ना, तीस तारखेच्या आत.”

“बघते हं. येताना मंडईतून आणते.”

हे झालं सोमवारी. गुरुवारी सकाळी भावजय फोन घेऊन आली. “वन्सं, राजधानीतून कोणी बोलतंय. तुम्हाला राष्ट्रीय पुरस्कार लागलाय म्हणे.”

“ठेव फोन.”

“अहो, ऐकून तरी घ्या.”

“लागलाय म्हणणाऱ्याचं ऐकायचं नसतं. ठेवायचा असतो.”

फोन चारदा आला आणि चारदा ठेवला गेला. पाचव्यांदा भावाने घेतला. “ताई, माणूस रडकुंडीला आलाय.”

“म्हणजे त्याचा धंदा अडलाय. ओळखपत्राचा नंबर मागितला का?”

“मागितला.”

“बघ!”

शेवटी त्या माणसाने पत्र पाठवलं, आणि पत्राने तर कहरच केला. त्यावर आत्यांचा पत्ता अगदी बरोबर होता. मजला, दार, जिन्याची दिशासुद्धा. छत्तीस वर्षांच्या नोकरीत एकाही सरकारी कागदाने आत्यांना पहिल्या फटक्यात गाठलं नव्हतं. त्यांचं निवृत्तिवेतन पहिली दोन वर्षं एका पेट्रोलपंपाकडे जात होतं. शिवाय पत्र कार्यक्रमाच्या आधी पोचलं होतं. पडताळणी अधिकारी बुधवारी सकाळी अकरा वाजता प्रत्यक्ष येणार, असं त्यात लिहिलं होतं, आणि अजून तो बुधवार उगवायचा होता.

शनिवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पत्र हातोहात फिरलं.

टेलरमामांनी शिक्क्यावर भिंग धरलं. “शिक्का गोल उठलाय. पूर्ण गोल. खरा शिक्का असा उठतो कुठे? अर्धा पुसट, अर्धा शाईचा गोळा, तो खरा.”

“सहीसुद्धा वाचता येते,” कंपाउंडर म्हणाला. त्याने डॉक्टरांच्या सह्या वाचण्यात आयुष्य घालवलं होतं, त्यामुळे या विषयात त्याच्या शब्दाला वजन होतं. “साहेब माणसाची सही वाचता आली, की समजायचं पाणी मुरतंय.”

“आणि वेळ बघा,” सलूनवाला म्हणाला. “सोमवारी आत्यांना पुरस्काराची गरज लागते, गुरुवारी पुरस्कार हजर. माझ्या दुकानात गिऱ्हाईक एवढ्या वेळेवर येत नाही.”

सगळ्यांच्या माना हळूहळू बाटलीकडे वळल्या. कलम अकरा फक्त त्यालाच माहीत होतं.

“मी?” बाटली कळवळला. “मला राष्ट्रीय पुरस्कार देता आला असता, तर आधी स्वतःला नसता दिला?”

उत्तर सगळ्यांना पटलं. तरी त्याच्या शेजारची दोन माणसं वीतभर सरकून बसली.

सगळे गेल्यावर आत्या एकट्या खोलीत राहिल्या आणि त्यांनी स्वतःसाठी एक चिठ्ठी घेतली. चारही प्रश्नांपुढे ‘माहीत नाही’ लिहिलं. पाचवा प्रश्न चिठ्ठीवर नव्हता, तो त्या तोंडी विचारत: हे खरं असावं, असं तुम्हाला किती वाटतं? ज्याला फार वाटतं, त्याने दुप्पट शंका घ्यावी, हा त्यांचाच नियम. आत्यांनी कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं, ‘फार.’ मग आजूबाजूला पाहून चिठ्ठीचे आठ तुकडे केले, आणि चार कमरेला खोचले, चार पिशवीत घातले.

बुधवारी पडताळणी अधिकारी अकरा वाजता बसमधून उतरला. स्टँडपासून अग्निशमन केंद्र चालत चार मिनिटांवर आहे. तो वरच्या खोलीत पोचला एक वाजून चाळीस मिनिटांनी.

पहिली चूक त्याने सलूनसमोर केली. “आत्यांची खोली कुठे आहे हो?”

“तुम्हाला आत्यांचं कोणी सांगितलं?” सलूनवाल्याने वस्तरा न थांबवता विचारलं.

“कार्यालयाने.”

“कार्यालयाला कसं कळलं?”

खुर्चीतल्या, अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाने आरशातूनच पुढचा प्रश्न टाकला, “आणि आम्ही सांगितलं तर तुमचा काय फायदा?”

अधिकाऱ्याने तिथे पहिली चिठ्ठी भरली. टेलरमामांकडे दुसरी. मामांनी त्याच्या कोटाचं अस्तर उलटून पाहिलं आणि निर्वाळा दिला, की शिलाई सरकारी माणसाला परवडेल अशीच आहे. हा एक मुद्दा त्याच्या बाजूने. दवाखान्यापाशी कंपाउंडरने ओळखपत्र मागितलं. फोटोतल्या माणसाला मिशा होत्या, समोरच्याला नव्हत्या.

“काढल्या,” अधिकारी म्हणाला.

“कधी?”

“लग्नानंतर.”

“साक्षीदार?”

“बायको.”

“त्यांचा यात फायदा आहे. बाद.” कंपाउंडरने दोन डोळ्यांमधलं अंतर पट्टीने मोजलं, फोटोतलंही मोजलं, आणि कागदावर बराच वेळ भागाकार केला. अधिकारी शांत उभा होता. मोजून घेताना त्याने चष्मासुद्धा आपणहून काढून दिला. हे कंपाउंडरला अजिबात आवडलं नाही.

मग त्याच्या कार्यालयाला फोन लावायचं ठरलं. त्याने नंबर सांगितला, तेव्हा सगळे हसले. त्याने दिलेल्या नंबरवर त्याचाच माणूस बसलेला असणार, हे शेंबडं पोरही सांगेल. बंबप्रमुखांनी जुनी दूरध्वनी पुस्तिका काढून वेगळा नंबर शोधला. तो चाळीस मिनिटं लागला नाही. लागला तेव्हा पलीकडून उत्तर आलं, ‘साहेब जागेवर नाहीत, जेवायला गेलेत.’ वेळ होती सव्वाबाराची.

“कार्यालय खरं आहे,” बंबप्रमुख गंभीरपणे म्हणाले.

अशा तऱ्हेने अधिकारी जिना चढून वर आला, तेव्हा त्याच्या हातात अकरा गुलाबी चिठ्ठ्या होत्या, कोटाचं अस्तर बाहेर लोंबत होतं आणि चेहरा आनंदाने फुलला होता. आत्यांनी तो आनंद पाहिला आणि त्या खुर्चीतल्या खुर्चीत सावरून बसल्या. खोलीत ती एकच खुर्ची होती.

“बाई, चौदा वर्षं मी ही पडताळणी करतोय,” अधिकारी म्हणाला. “जिथे जातो तिथे बँड असतो. लोक माझ्या पाया पडतात. कुणी विचारत नाही, तू कोण. विज्ञान समजावणाऱ्या मोठमोठ्या माणसांच्या गावात मी नुसता बॅग घेऊन फिरलो, तर दोघांनी मला घराच्या चाव्या दिल्या. आज पहिल्यांदा माझी मिशी तपासली गेली. जनतेची समज वाढली आहे की नाही, या रकान्यात मी ‘संपूर्ण’ लिहिणार आहे.”

दाराशी जमलेली वस्ती एकमेकांकडे पाहू लागली.

“गोड बोलतोय,” टेलरमामा पुटपुटले.

“ठगसुद्धा नेमकं हेच म्हणेल,” सलूनवाला म्हणाला.

आत्यांनी हाताने सगळ्यांना गप्प केलं. “माझं नाव कोणी सुचवलं?”

“ते गोपनीय असतं.”

“मग बस कितीची आहे तुमची?”

“चार दहाची. आणि मला पोचपावतीवर तुमची सही लागेल. सही नसेल, तर ‘नाकारला’ अशी नोंद होते.” त्याने बॅगेतून ताम्रपट काढून टेबलावर ठेवला. टेबल किंचित कलंडलं.

आत्यांनी ताम्रपटाकडे पाहिलं. तीस तारीख परवावर आली होती. एक सही केली की खोली राहत होती. आणि दारात सत्तर माणसं उभी होती, ज्यांना त्यांनी अकरा वर्षं एकच सांगितलं होतं, की कुणी हातात काही ठेवलं म्हणून सही करू नका. आत्यांचा हात पेनाकडे गेला आणि मध्येच थांबला.

“नाव सांगा,” त्या म्हणाल्या. “नाहीतर न्या परत.”

दारात कुणीतरी श्वास सोडल्याचा आवाज आला. अधिकाऱ्याने मागेपुढे पाहिलं, मग बॅगेच्या तळातून एक मळका लिफाफा काढला.

“खरं तर ही शिफारस नाहीच. ही तक्रार आहे. चुंबकी कडी विकणाऱ्या एका माणसाने आमच्या खात्याकडे केलेली.” त्याने वाचून दाखवलं. “‘महोदय, हे कडं मनगटात घातल्याने गुडघेदुखी, विसराळूपणा व सासूचा त्रास थांबतो. संपूर्ण जिल्ह्यात माझा माल खपतो. मात्र अग्निशमन केंद्राच्या आसपासच्या वस्तीत गेल्या अकरा वर्षांत एकही कडं विकलं गेलेलं नाही. लोक मला गुलाबी कागद भरायला लावतात. एकदा मीच कागद भरला आणि घरी जाऊन स्वतःचं कडं काढून ठेवलं. गुडघा होता तसाच आहे. माझा धंदा बसला. संबंधित आत्यांवर कारवाई व्हावी.’” अधिकाऱ्याने लिफाफा मिटला. “समितीपुढे त्रेचाळीस शिफारशी होत्या. सगळ्या नातेवाइकांच्या. ही एकच अशी होती, जी विश्वास ठेवण्याजोगी वाटली.”

सत्तर डोकी तिसऱ्या प्रश्नावर अडकली होती. विश्वास ठेवला तर त्याचा काय फायदा? काहीच नाही. उलट नुकसान. स्वतःच्या नुकसानीची साक्ष माणूस खोटी देत नाही.

“आत्या,” कंपाउंडर हलक्या आवाजात म्हणाला, “हे बरंच खरं वाटतंय.”

“बरंच,” आत्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी ते पदराने पुसले आणि पदर ओला झाला की नाही, हे बघितलं. मग पेन उचललं. पण ‘बरंच’ म्हणजे ‘पूर्ण’ नव्हे, आणि सत्तर माणसं बघत होती. आत्यांनी सही केली आणि सहीखाली, सवयीने, दोन शब्द लिहिले: ‘शंकेसह स्वीकारले.’

अधिकाऱ्याला ते इतकं आवडलं, की त्याने पोचपावतीची एक प्रत ताम्रपटाच्या पेटीत चिकटवून दिली आणि चार दहाची बस पकडली.

दुसऱ्या दिवशी आत्या सव्वा किलोचा ताम्रपट पिशवीत घालून नगरपालिकेत गेल्या. भावाने रिक्षा करून दिली होती. भावजयीने तर निघताना दोनदा हात हातात घेतला. टेबलावर पेटी ठेवून आत्या म्हणाल्या, “घे रे बाटल्या. कलम अकरा.”

बाटलीने ताम्रपट पाहिला. उठून उभा राहिला, नमस्कार केला, पुन्हा बसला. मग त्याने खण उघडला आणि गुलाबी चिठ्ठी काढली.

“हे काय?”

“आत्या, रागावू नका. हे कोणी सांगितलं?”

“कोणी म्हणजे? तू काल दारात उभा होतास!”

“म्हणूनच मला साक्षीदार होता येत नाही. आणि मला तर फार वाटतं, की हे खरं असावं.” बाटलीने भरलेली चिठ्ठी आत्यांपुढे सरकवली. “तुम्हीच म्हणता, ज्याला फार वाटतं त्याने दुप्पट शंका घ्यावी. मी काल रात्रीपासून दुप्पट घेतोय.”

“अरे, पत्र आहे, शिक्का आहे, पावती आहे.”

“पावतीवर ‘शंकेसह’ लिहिलंय. तुमच्या अक्षरात.” त्याने बोट ठेवलं. “ज्यांना पुरस्कार मिळाला त्यांनाच शंका आहे, तर नगरपालिकेने खात्री कशाच्या जोरावर धरायची? मला राजधानीकडून खुलासा मागवावा लागेल. उत्तराला सरासरी चौदा महिने लागतात.”

“आणि तीस तारीख?”

“उद्या आहे.”

आत्यांनी चिठ्ठी वाचायला घेतली. गुरूची विद्या गुरूलाच फळते, हे त्यांनी आजवर नुसतं ऐकलं होतं. कोणी सांगितलं, त्याला कसं कळलं, हे कधी विचारलं नव्हतं. त्यांना बाटलीच्या कानशिलात लगावावीशी वाटली. त्याच वेळी त्यांना हेही दिसत होतं, की अकरा वर्षांत इतकी बिनचूक भरलेली चिठ्ठी कुणी त्यांच्यापुढे ठेवली नव्हती. चौथ्या प्रश्नाचं उत्तर तर त्याने आकृती काढून दिलं होतं.

“दहापैकी दहा,” त्या शेवटी म्हणाल्या. “मेल्या.”

बाटलीने रडत रडत शेरा मारला: ‘खुलासा येईपर्यंत सदर पुरस्कार मिळालेला नाही, असे गृहीत धरण्यात येत आहे.’

तीस तारखेला दुपारी खुर्च्या आल्या. बंबवाल्यांनीच त्या शिडीने वर चढवल्या, मान खाली घालून. शनिवारी चार वाजता सत्तर-ऐंशी माणसं सवयीने आली आणि जिन्यात उभी राहिली. वरची खोली दारापर्यंत खुर्च्यांनी भरली होती. टेलरमामांनी जवळच्या एका खुर्चीचा पाय हलवून पाहिला. हलला नाही. शेजारच्या खुर्चीचा हलवला. तोही हलला नाही.

“आत्या,” मामा म्हणाले, “या मोडक्या आहेत, हे कोणी सांगितलं?”

आत्या जिन्याच्या सहाव्या पायरीवर बसल्या, कंपाउंडरची पाठ टेबल म्हणून वाकवून घेतली आणि त्यांनी अर्ज लिहिला. सोमवारी तो आवक-जावक खिडकीवर रीतसर नोंदवला गेला. अर्ज असा:

प्रति, मा. मालमत्ता अधिकारी, नगरपालिका.
विषय: खुर्च्यांच्या मोडकेपणाची खातरजमा करण्याबाबत.

महोदय,
अग्निशमन केंद्रावरील खोलीत ठेवलेल्या शहाऐंशी खुर्च्या मोडक्या असल्याची नोंद आपल्या दप्तरी आहे. ही नोंद कोणी व कशावरून केली, याचा तपशील उपलब्ध नाही. खुर्ची मोडकी आहे किंवा नाही, हे तीवर बसल्याखेरीज ठरत नाही, आणि एकदाच बसून ठरवणे शास्त्राला धरून होत नाही. सबब, प्रत्येक खुर्चीवर एक याप्रमाणे शहाऐंशी नागरिकांना दर शनिवारी चार ते सहा या वेळेत सदर खोलीत बसून राहण्याची परवानगी मिळावी. तपासणी चालू असताना नागरिक आपसांत बोलल्यास खुर्चीवर त्याचा परिणाम होत नाही, असे आमचे प्राथमिक निरीक्षण आहे. तरी ही तपासणी सर्व खुर्च्या मोडेपर्यंत, अथवा एकही मोडत नाही असे सिद्ध होईपर्यंत, यांपैकी जे नंतर घडेल तोवर चालू ठेवण्यास मंजुरी द्यावी, आणि मंजुरीच्या पत्रावरील शिक्का कृपया पुसट उठवावा, ही नम्र विनंती.